‘कॉल अँड रिस्पॉन्स’ला झील म्हणावं का?

प्रश्न: वाडीच्या हस्तलिखितासाठी जगभरच्या नाचगाण्यांवर लिहितोय. सोल, फंक ही अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताची नावं तशीच ठेवली. ‘आत्मसंगीत’ केलं तर लोक टाळ घेऊन बसतील. (जमैकाच्या संगीताचं नाव ‘रेगे’ वाचून आईने विचारलं, वेंगुर्ल्याचे का?) अडलंय ‘कॉल अँड रिस्पॉन्स’पाशी, म्हणजे एकाने ओळ गायची आणि बाकीच्यांनी तिला गाऊन उत्तर द्यायचं. ‘हाक-प्रतिसाद’ पाणीपट्टीच्या तक्रारवहीतलं वाटतं.

गुहागरकर: झील लिहा की! कोकणातल्या जाखडी नाचात शाहीर मधे बसतो, शेजारी ढोलकी, भोवती चाळ बांधलेली पोरं फेर धरतात. शाहिराने ओळ टाकली की तिचं शेपूट उचलून मागचे वर नेतात, ती झील. उचलणारे झीलकरी. पोवाड्यातलं ‘जी जी जी’ तेच. आता अमेरिकन गायक रे चार्ल्सचं १९५९ चं ‘व्हॉट्ड आय से’ ऐका. एका जागी शब्दच संपतात. तो नुसता हुंकारतो, मागच्या बायका तोच हुंकार परत देतात. काळ्या लोकांच्या चर्चमधली ही रीत नाचाच्या गाण्यात आली, आणि सोल म्हणतात ते बरंचसं तिथूनच उगवलं.

मालवणकर: वायच सांभाळून. आमच्यात झील म्हणजे मुलगो. ‘रे चार्ल्सच्या मागे झील’ वाचून आजी विचारतली, किती झील रे त्येका? आणि मागे तर सगळी चेडवां!

गुहागरकर: तो झील, ही झील. लिंग सांभाळलं की घोळ मिटला.

चिपळूणकर: दुसरी अडचण मोठी आहे. ‘साहेबांची झील ओढतो’ म्हणजे होयबा. रे चार्ल्सच्या त्या गायिका काही होयबा नव्हत्या. म्हणून ‘ओढणे’ टाळा, ‘झील धरली’ लिहा.

प्रश्नकर्ता: धरली. फंकवाला गायक जेम्स ब्राऊन वादकांना ‘द वन’वर या म्हणायचा, त्याला आपल्या तालातली सम चालेल ना?

चिपळूणकर: चालेल. चारांतल्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकदम आदळायचं, फंकचा जोर तिथेच.

प्रश्नकर्ता: आणि रेगेतला ‘वन ड्रॉप’? तबल्यातली ‘खाली’ म्हणू?

चिपळूणकर: नको. खालीला डग्गा मुका होतो, पण ती मात्रा वाजते. वन ड्रॉपमध्ये ड्रम पहिल्या मात्रेला गप्प, ठोका तिसरीवर. रेगे गायक बॉब मार्लीच्या मागे ड्रमवाला कार्ल्टन बॅरेट असाच वाजवायचा.

मालवणकर: म्हणजे ड्रमवाल्यान समेक दांडी मारली. तसांच लिही.