मदत हवी आहे: पट्ट्यावर असताना गल्लीतल्या कुत्र्यांवर झेपावणारा जर्मन शेफर्ड

14 महिन्यांचा नर, वजन 31 किलो. घरात शांत. बाहेर मोकळं कुत्रं 20 मीटरवर दिसलं की कान ताठ, अंग कडक. 12 मीटरच्या आत भुंकून झेप.

सध्या छातीपुढे कडी असलेला हार्नेस, 2 मीटरचा पट्टा. समोरचं कुत्रं दिसताच, भुंकण्याआधी, उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा देतो. फुटाळा तलावाकडच्या रुंद रस्त्यावर 25 मीटरवरून हे छान जमतं. गल्लीत तेवढं अंतरच मिळत नाही. एकदा भुंकायला लागला की चिकनही तोंडात घेत नाही, म्हणजे शिकवायची वेळ गेलेली असते. पट्टा ताणला तर आणखी बिथरतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात डांबर पंजे भाजतं, त्यामुळे पहाटे 5 लाच निघावं लागतं, आणि नेमक्या तेव्हाच मोकळ्या कुत्र्यांच्या टोळ्या फिरत असतात.

मागून येणाऱ्या कुत्र्यांचं काय करावं? जमिनीवर खाऊ टाकला तर तीच जवळ येतात. धापा टाकता येतील असं जाळीचं मुसकं या उकाड्यात किती मिनिटं ठेवता? भीतीपोटी भुंकत असेल तर नसबंदीने फरक पडला का?

चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) सुचवू नका. वेदनेचा संबंध तो समोरच्या कुत्र्याशीच जोडेल.