मदत हवी आहे: ब्रह्मपुरीच्या उन्हात नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) टिकेल का? दोन डिस्कचा डबा घ्यावा की जुना डेस्कटॉपच वापरावा?

नमस्कार मंडळी,

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सपरीला लागून असलेली स्लॅबची खोली हेच माझं ऑफिस. तीन राईस मिल आणि काही दुकानांची टॅली, जीएसटी इथूनच करतो. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, म्हणून जुनं काही पुसता येत नाही. तरी हा डेटा स्कॅन धरून ८०-९० जीबीच आहे.

खरा पसारा बाबांचा. ते लग्नाचं शूटिंग करायचे आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांना कॅमेरा घेऊन जायचे. नाटक रात्रभर चालणारं, त्यामुळे एकेकाच्या चार-पाच कॅसेट. मिनीडीव्हीच्या एकूण ९४ कॅसेट कपाटात आहेत. तासाभराची एक कॅसेट संगणकावर उतरवली की साधारण १३ जीबी होते, म्हणजे सगळ्या मिळून सव्वा टीबी. फोटो, सिनेमे, पोरीचे व्हिडिओ वेगळे. ४ टीबी पुरावे असा अंदाज आहे.

मागच्या मे महिन्यात २ टीबीची पोर्टेबल डिस्क कटकट करत गेली. नागपूरच्या एका दुकानाने डेटा काढून द्यायचा जो आकडा सांगितला, त्यात एक म्हैस आली असती. उतरवलेल्या पंधरा कॅसेट गेल्या. कॅसेट जपून ठेवल्या होत्या म्हणून वाचलो.

आता सिनॉलॉजी कंपनीचा डीएस२२३जे किंवा डीएस२२४ प्लस हा नॅस बघतोय. घरी जुना आय३ डेस्कटॉपही पडून आहे, त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट (संगणकाचाच नॅस करणारी प्रणाली) टाका असं भाचा म्हणतो. बजेट डिस्कसकट ३५ हजार. यूट्यूबवाले एसीच्या खोलीत बसून प्रोसेसरचं बोलतात. माझी अडचण वेगळीच आहे. या डब्यांच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान ० ते ४० अंश लिहिलंय. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४६, आणि कूलर बंद असला की खोलीत ४१-४२. एसी नाही, घेणारही नाही. त्यात लाइन दिवसातून चार वेळा जाते. इन्व्हर्टर आहे. कोणी असं चालवलंय का?

प्रतिसाद १

डेस्कटॉप चोवीस तास चालवू नका. ६० वॅट जरी खाल्ले तरी महिन्याला ४० युनिटच्या वर जातात. दोन डिस्कचा डबा पंधरा-वीस वॅटमध्ये भागतो, आणि तेवढी गरमीही कमीच. तुमच्या कामाला २२३जे पुरेल. फक्त एक ध्यानात ठेवा, मिनीडीव्हीची मूळ फाइल टीव्हीवर बहुतेक चालणार नाही. मूळ तशीच ठेवा आणि बघण्यासाठी एच.२६४ ची (टीव्हीवर चालणाऱ्या, लहान फाइलची) प्रत संगणकावर आधीच बनवून टाका. मग डब्याच्या प्रोसेसरला काही कामच उरत नाही.

डिस्क सीएमआरच (जिच्यात माहितीचे पट्टे एकमेकांवर चढत नाहीत अशी) घ्या. साधी डब्ल्यूडी रेड आणि रेड प्लस यांत २०२० मध्ये बराच घोळ झाला होता, प्लस सीएमआर आहे. सीगेटची आयर्नवुल्फही चालेल. आणि राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं नाही ना, ते बघा. असेल तर सेकंदाला ११-१२ एमबीच सरकेल आणि एक कॅसेट चढवायला वीस मिनिटं लागतील.

प्रतिसाद २

भाऊ, मी अकोल्याकडचा, उन्हाचं मला सांगू नका. चार उन्हाळे झाले. डिस्क स्वतः साठ अंशापर्यंत सहन करते, पण मी ५० च्या वर जाऊ देत नाही. डबा कपाटात कोंडू नका, स्लॅबजवळच्या फळीवर तर नकोच. खाली, आतल्या भिंतीला, फरशीपासून वीतभर वर ठेवा. कूलरच्या थेट झोतात ठेवलात तर ओल आणि धूळ दोन्ही आत जाते. माझा पहिला पंखा असाच जाम झाला. एप्रिल-मे दोन महिने दुपारी १२ ते ५ डबा आपोआप बंद राहील असं वेळापत्रक लावलंय. तुमच्या ग्राहकांना दुपारी कुठे काय लागतं?

इन्व्हर्टरवर विसंबू नका. त्याची बॅटरी संपली की डब्याला आधी कळत नाही, लिहिता लिहिता धाडकन बंद. यूएसबी वायर असलेला छोटा यूपीएस इन्व्हर्टर आणि डब्याच्या मध्ये लावा, तो डब्याला सांगतो आणि डबा नीट बंद होतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा.

प्रतिसाद ३

दोन डिस्कवर एकच माल म्हणजे बॅकअप नव्हे. मृगात वीज पडली तर दोन्ही एकदमच जातात. चुकून फाइल पुसली तर दोन्हीकडून पुसली जाते. तिसरी प्रत साध्या यूएसबी डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दुपारी बंद ठेवायचं तर डोक्यातच आलं नव्हतं. राउटर पाहिला, १०० चाच निघाला, म्हणून गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच यादीत घातला. तिसरी प्रत नागपूरला बहिणीकडे. आता एकच प्रश्न. पैसे एकदम निघणार नाहीत. आधी डबा घेऊ की आधी कॅसेट उतरवू? बाबांचा कॅमेरा अजून चालतो, पण हेड साफ करावं लागतं.

प्रतिसाद २

कॅसेट. डबा दिवाळीला पण मिळेल, चालू मिनीडीव्ही कॅमेरा मिळणार नाही. त्या जुन्या डेस्कटॉपला फायरवायरचं पोर्ट आहे का बघा, कॅमेऱ्यातून कॅसेट त्यातूनच उतरवायची.

धागाकर्ता

आहे जी! मागच्या बाजूला, कार्ड बसवलेलं आहे. बाबांनीच बसवलं असणार. भाच्याला सांगतो, त्याला हात लावू नको म्हणून.