पावसात स्नेक प्लांट बुडाशी सडतोय, खत कमी पडतंय का?

फोंड्याची बाल्कनी: हॉलमध्ये स्नेक प्लांट (पिवळ्या कडेचा), झीझी, मनी प्लांट आणि पीस लिली आहेत. उन्हाळाभर झक्क होती. जुलै लागला तशी स्नेक प्लांटची पानं बुडाशी मऊ पडून कलंडायला लागली, झीझीचा एक दांडा पिवळा झाला. मातीवर बारीक काळी चिलटं. पाणी एक दिवसाआड, नेहमीसारखंच. कुठलं खत घालू?

म्हापशाची काकी: खताचं नाव काढू नकोस बाय, आधी पाणी थांबव. आपल्याकडे जुलैत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, कुंडीतली माती कुठून वाळणार? झीझीच्या मुळाशी कंद असतात, त्यात पाणी साठलेलं असतं. पावसात महिन्यातून एकदा दिलंस तरी पुष्कळ. पीस लिली तेवढी वेगळी. तिची वरची माती सुकली की पाणी हवंच, नाहीतर सगळी पानं खाली टाकून रुसते.

स्नेक प्लांट आजच उपटून मुळं बघ. तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी असतील ती कापून टाक, उरलेलं दोन-तीन दिवस सावलीत सुकू दे. मग भोकाच्या मातीच्या कुंडीत लाव. नुसती तांबडी माती नको, पाणी पिऊन ती घट्ट बसते. निम्मी माती, बाकी नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि नदीची जाडी रेती. समुद्राची वाळू आणू नकोस, खारी असते. प्लास्टिकच्या नक्षीदार कुंड्या मला मुळीच आवडत नाहीत, पण ते असो.

काणकोणकर: सोडणातही खार असतो. दोनदा पाणी बदलून भिजवा, मगच वापरा. चिलटांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात. वरची इंचभर माती सुकली की आपोआप कमी होतात, फवारणी नको.

फोंड्याची बाल्कनी: काकी, मुळं अर्धीअधिक गेलीत. एखादं चांगलं पान कापून लावलं तर?

म्हापशाची काकी: फुटेल, पण नवीन रोप हिरवंच येईल, पिवळी कड जाते. कड हवी असेल तर कंदाचा घट्ट तुकडा मुळासकट वेगळा करून लाव. एक विचारते, घरात मांजर आहे का? मनी प्लांट चावला तर त्याच्या तोंडाची आग होते. वर टांग.

फोंड्याची बाल्कनी: दोन आहेत! संध्याकाळीच हुक ठोकून घेते.