क्वाड रीडमध्ये डेटा सरकतोय आणि वॉचडॉग रीसेटनंतर बोर्ड उठत नाही, एसपीआय फ्लॅश कंट्रोलरचा लिनक्स ड्रायव्हर

भोसरी_फर्मवेअर

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे, मशीन कंट्रोलरचे बोर्ड बनवतो आम्ही. नव्या बोर्डावर सीरियल नॉर फ्लॅशचा (बूटचा कोड साठवणारी चिप) कंट्रोलर आमच्याच हार्डवेअरवाल्या सहकाऱ्याने एफपीजीएमध्ये (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) लिहिलाय आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर माझ्याकडे आलाय. कर्नल ६.१, ड्रायव्हर एसपीआय-मेम या कर्नलच्या इंटरफेसवर लिहिलाय, म्हणजे कर्नलकडून ऑपकोड (कमांडचा क्रमांक), पत्ता, डमी (डेटाआधी चिपला द्यायचे रिकामे क्लॉक) आणि डेटा असे चार तुकडे येतात आणि मी ते कंट्रोलरच्या रजिस्टरांत भरतो. आधी कधी एमटीडी, म्हणजे कर्नलमधल्या फ्लॅशच्या भागाच्या, बाजूला गेलो नव्हतो, त्यामुळे जरा चाचपडतच चाललोय.

काय चालतंय ते आधी सांगतो. ९एफ कमांडने जेडेक आयडी, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, बरोबर येतो, दर वेळी. डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय हार्डवेअर आहे हे कर्नलला सांगणारी फाइल) आरएक्स-बस-विड्थ, म्हणजे वाचनाच्या लाइन, १ ठेवली की ०३ ने वाचन होतं, इरेझ होतं, लिहिणं होतं, ३२ मेगाबाइट पूर्ण लिहून परत वाचलं तरी चेकसम जुळतो.

बस-विड्थ ४, म्हणजे क्वाड, केली की बिघडतं. कर्नल ६बी वापरतो, म्हणजे ऑपकोड आणि पत्ता एका लाइनवर आणि डेटा चार लाइनवर. फ्लॅशमध्ये मुद्दाम १२ ३४ ५६ ७८ असं लिहून ठेवलं, तर वाचताना येतं एफएफ एफएफ एफएफ एफ१ २३ ४५ ६७. हे दर वेळी हुबेहूब असंच येतं. क्लॉक ५० मेगाहर्ट्झवरून १० वर आणला तरी फरक नाही.

दुसरी तक्रार याच्याशी संबंधित नसावी, पण सांगून ठेवतो. साधा रीबूट दिला तर बोर्ड उठतो, पॉवर काढून लावली तरी उठतो, पण वॉचडॉगने (सॉफ्टवेअर अडकलं तर रीसेट देणारा टायमर) रीसेट केलं की बूट रॉमच (प्रोसेसरमधला सगळ्यात आधी चालणारा कोड) पुढे जात नाही, कन्सोलवर एक अक्षर नाही. दुसऱ्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीतून ब्रोकन-फ्लॅश-रीसेट ही प्रॉपर्टी मी उचलली होती, ती आल्यापासूनच साधा रीबूट नीट होतो.

सहकारी म्हणतो त्याच्या बेअर-मेटल टेस्टमध्ये (लिनक्सशिवाय, थेट हार्डवेअरवर) क्वाड चालतं तेव्हा गडबड तुझ्याच ड्रायव्हरमध्ये. खरंच असेल तर मला मान्यच आहे, पण कुठे ते दिसत नाहीये. पुढच्या आठवड्यात कस्टमरकडे बोर्ड जायचेत.

कोथरूडकर

क्वाड म्हटलं की मी सगळ्यात आधी क्यूई बिट, म्हणजे चिपमध्ये क्वाड चालू करणारा बिट, बघतो. तो सेट नसेल तर आयओ२ आणि आयओ३ हे पिन डब्ल्यूपी (लिहिणं रोखणारा) आणि होल्ड (चिप थांबवून ठेवणारा) म्हणूनच काम करतात आणि वाचलेल्या डेटात ते दोन बिट कायम चुकीचे येतात. हा बिट प्रत्येक कंपनीच्या चिपमध्ये वेगळ्या जागी असतो, विनबाँडमध्ये स्टेटस रजिस्टर २ चा बिट १, मॅक्रोनिक्समध्ये पहिल्याच रजिस्टरचा बिट ६. स्टेटस वाचून बघ.

आणि फिफो, म्हणजे कंट्रोलरमधला डेटाचा रांगेचा बफर, ३२ बिटचा आहे का? असेल तर बाइटची उलटापालट झालीय का तेही बघ, एफपीजीएत लिहिलेल्या कंट्रोलरमध्ये हे मी दोनदा पाहिलंय.

भोसरी_फर्मवेअर

क्यूई बिट सेट आहे, आत्ताच वाचला. फिफो ३२ बिटचा आहे पण बाइटचा क्रम बरोबर असावा, नाहीतर एका लाइनवरही चुकलं असतं ना?

सिंहगडरोड

क्यूई नाही आणि फिफोही नाही. कोथरूडकरांनी सांगितलेलं तपासायलाच हवं होतं, पण तू दिलेला डेटा नीट बघ, त्यातले अंक सगळे बरोबर आहेत आणि क्रमानेच आहेत, फक्त अर्ध्या बाइटने सरकलेत. पुढे सात एफ आणि मग १ २ ३ ४ ५ ६ ७. क्यूई नसता तर अंकच बिघडले असते, फिफो उलटा असता तर जोड्यांची जागा बदलली असती. चार लाइनवर एका क्लॉकला अर्धा बाइट येतो, म्हणजे तुझा कंट्रोलर ७ क्लॉक लवकर वाचायला लागतोय. चिप तेव्हा अजून गप्प आहे, लाइनवर पुलअप (रिकामी लाइन १ वर ठेवणारे रेझिस्टर) असतील म्हणून तुला एफ दिसतायत.

आता ६बी ला डमी किती लागतात? ८ सायकल. ८ हव्यात आणि ७ कमी पडल्या म्हणजे तू १ देतोयस. हा १ कुठून आला हे मी तुझा कोड न बघता सांगू शकतो. एसपीआय-मेममध्ये डमी.एनबाइट्स हा आकडा बाइटमध्ये असतो, सायकलमध्ये नाही, आणि तू तो जसाच्या तसा रजिस्टरमध्ये भरतोयस. कर्नलने तो बाइटमध्ये ठेवलाय कारण ज्यांच्याकडे खास कंट्रोलर नाही त्यांच्यासाठी तेच ऑपरेशन साध्या एसपीआय ट्रान्सफरने पाठवावं लागतं आणि तिथे डमी म्हणजे खरोखरचे बाइटच पाठवले जातात. तुला सायकल हव्यात तर एनबाइट्स गुणिले ८ भागिले डमीची बसविड्थ. भागण्याआधी एनबाइट्स शून्य आहे का ते बघ, कारण ९एफ सारख्या कमांडला डमीचा पूर्ण तुकडाच रिकामा येतो, त्यात बसविड्थही शून्य असते, आणि तू शून्याने भागशील.

सहकाऱ्याच्या बेअर-मेटल टेस्टमध्ये त्याने हाताने ८ लिहिला असणार, म्हणून त्याचं चालतं. त्याचा कंट्रोलर बरोबरच आहे.

पण दुरुस्त करण्याआधी एक काम कर, पाच मिनिटं लागतील. सिसफसमध्ये (कर्नल हार्डवेअरची माहिती फाइलींतून दाखवतो ती जागा) त्या फ्लॅशच्या एसपीआय-नॉर फोल्डरात एसएफडीपी नावाची फाइल दिसतेय का सांग. आणि ५ए कमांडने जे पहिले चार बाइट येतात ते ड्रायव्हरमध्ये प्रिंट करून इथे टाक.

भोसरी_फर्मवेअर

सर, फाइल नाहीये. जेडेक-आयडी आणि पार्टनेम आहे पण एसएफडीपी नाही.

५ए चे पहिले चार बाइट: एफई ए६ ८सी ८८

सिंहगडरोड

हेच बघायचं होतं. तिथे ५३ ४६ ४४ ५० यायला हवं, ती एसएफडीपी या चार अक्षरांचीच सही आहे. आता बघ, ५३ ची दुप्पट हेक्समध्ये ए६, ४६ ची दुप्पट ८सी, ४४ ची दुप्पट ८८. ५ए ला पण ८ डमी सायकल लागतात, तू दिलीस १, एका लाइनवर ७ क्लॉक म्हणजे ७ बिट लवकर वाचलंस. पहिल्या बाइटमध्ये सात १ आणि खऱ्या डेटाचा पहिला बिट शून्य, झालं एफई. त्यापुढचा प्रत्येक बाइट एक बिट डावीकडे सरकलेला, म्हणजे दुप्पट. एकाच चुकीची ही दोन रूपं आहेत.

आणि हे मी मुद्दाम विचारलं कारण तुझी वॉचडॉगची तक्रार. एसएफडीपी म्हणजे चिपच्या पोटातली तिची स्वतःची माहितीची तक्ती. कर्नल ती वाचतो, सही जुळली नाही तर आवाज न करता सोडून देतो आणि आपल्याकडच्या जुन्या यादीतल्या नोंदीवर काम भागवतो. १६ मेगाबाइटच्या पुढे ३ बाइटचा पत्ता पुरत नाही. ४ बाइट पत्त्याचे वेगळे ऑपकोड या चिपला येतात की नाही हे त्याच तक्तीत लिहिलेलं असतं. ते कळलं नाही म्हणून कर्नलने बी७ पाठवून पूर्ण चिपच ४ बाइटच्या मोडमध्ये टाकली असणार. साधा रीबूट देताना ब्रोकन-फ्लॅश-रीसेटमुळे कर्नल जाता जाता तिला परत ३ बाइटवर आणतो. वॉचडॉग कोणाला विचारत नाही. प्रोसेसर रीसेट होतो, चिपची पॉवर तशीच, ती ४ बाइटच्या मोडमध्येच बसलेली. बूट रॉम ०३ आणि ३ बाइटचा पत्ता पाठवून वाचायला लागतो, चिप मात्र अजून चौथ्या बाइटची वाट बघतेय. रॉमला हेडर सापडत नाही आणि तो तिथेच थांबतो. बूट लॉगमध्ये अचानक रीबूट झाला तर सावरता येईलच असं नाही अशा अर्थाची एक मोठी वॉर्निंग येत असेल, ती याचीच आहे.

तुझ्या चिपच्या तक्तीत ते ऑपकोड असतील तर डमी दुरुस्त केल्यावर दोन्ही तक्रारी जातील.

रास्तापेठ

सिंहगडरोड यांच्या पोस्टमध्ये एक भर घालते, कारण भोसरीवाल्या भाऊंना हे दुरुस्तीनंतर लगेच आडवं येणार आहे.

एसएफडीपी नीट वाचली गेली की कर्नल ६बी वर थांबणार नाही. तक्तीत पत्ताही चार लाइनवर पाठवायची सोय दिसली तर ईबी निवडेल, किंवा ४ बाइट पत्त्याचा त्याचा भाऊ ईसी. तिथे डमी साधारण ३ बाइट येतात आणि बसविड्थ ४, म्हणजे ६ सायकल. डीबगफसमध्ये (सिसफससारखीच, पण डीबगिंगसाठीची जागा) एसपीआय-नॉरच्या पॅराम्स फाइलमध्ये कुठला ऑपकोड आणि किती डमी सायकल ते छापलेलं दिसतं, तो आकडा आणि तुमच्या रजिस्टरमधला आकडा एकच आहे ना ते बघा.

या ६ सायकलपैकी पहिल्या दोन खरं तर डमी नाहीत, ते मोड बिट आहेत, चिप ते वाचते. बऱ्याच चिपमध्ये बिट ५ आणि ४ वर १० असा पॅटर्न दिसला की चिप कंटिन्युअस रीड मोडमध्ये जाते आणि पुढच्या वेळी ऑपकोडची अपेक्षाच करत नाही, तुम्ही पाठवलेला ऑपकोड ती पत्ता म्हणून गिळते. मी एका बोर्डावर यात चार दिवस घालवलेत. डमीच्या काळात कंट्रोलर लाइन मोकळ्या सोडत होता, टेबलावर सगळं छान, आणि बोर्ड गरम झाला की तासाभराने जेडेक आयडीसुद्धा कचरा यायचा. शेवटी तपकीर गल्लीतून आणलेला आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अॅनालायझर लावला, तो २४ मेगाहर्ट्झचाच, म्हणून एसपीआय क्लॉक २ वर आणून एकेक क्लॉक मोजला तेव्हा कळलं. तुमच्याकडे आत्ता पुलअप आहेत म्हणून एफएफ जाईल आणि चालेल, पण वेगात पुलअपवर विसंबू नका. त्या सायकलमध्ये कंट्रोलरने स्वतः एफएफ पाठवायला हवं, कर्नलचा साधा रस्ताही डमीमध्ये एफएफच भरतो. एफपीजीए तुमचाच आहे, सहकाऱ्याला आजच सांगा.

भोसरी_फर्मवेअर

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री साडेअकराला ऑफिसातून निघालो पण डोकं हलकं होतं.

एक ओळ बदलली. एसएफडीपी फाइल दिसायला लागली, पहिले चार बाइट ५३ ४६ ४४ ५०. कर्नल आता ईसी वापरतोय, डमी ६. १२ ३४ ५६ ७८ जसंच्या तसं येतं आणि ३२ मेगाबाइटचा चेकसमही जुळला. रास्तापेठ ताई, सहकाऱ्याने कंट्रोलरमध्ये एफएफ पाठवायचं टाकलं, त्याला ते लगेच पटलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला की त्याच्या रजिस्टरच्या नावात सायकल हा शब्द हवा होता. तोही बदललाय आम्ही.

ब्रोकन-फ्लॅश-रीसेट काढून टाकली आणि वॉचडॉग रीसेटनंतर बोर्ड उठला! मग रात्रभर स्क्रिप्ट लावून ठेवली, २०० वेळा वॉचडॉग रीसेट. सकाळी बघतो तर १९७ वेळा नीट बूट झालाय आणि ३ वेळा अडकलाय, त्या वेळी थोडं थांबून परत रीसेट दिला की उठला. स्क्रिप्टमध्ये मागे लॉगचं पार्टिशन सतत पुसणं आणि लिहिणंही चालू होतं. आता हे काय असेल?

सिंहगडरोड

तुझ्या शेवटच्या वाक्यातच आहे. त्या तीन वेळा वॉचडॉग नेमका इरेझ चालू असताना आला. ६४ केबीचा ब्लॉक पुसायला शेकडो मिलिसेकंद लागू शकतात, तेवढा वेळ चिप स्टेटस वाचण्यापलीकडे फारसं काही ऐकत नाही, रॉमने तेव्हाच वाचायला घेतलं तर हाती काही लागत नाही. थांबून रीसेट दिल्यावर उठला कारण तोवर इरेझ संपलं होतं.

हे ड्रायव्हरमधून पूर्ण जाणार नाही. स्किमॅटिक उघड आणि फ्लॅशचा रीसेट पिन कुठे जातो बघ. १६ पिनच्या पॅकेजमध्ये बऱ्याच चिपना वेगळा रीसेट पिन मिळतो, तो वॉचडॉगच्या रीसेट लाइनला जोडायचा, मग प्रोसेसरबरोबर चिपही रीसेट होते, इरेझ अर्धवट सुटतं पण वाचायला ती लवकर मोकळी होते. तो ब्लॉक अर्धवट राहणार हे धरून लॉगचं पार्टिशन यूबीआयवर (फ्लॅशचे ब्लॉक सांभाळणारा कर्नलचा थर) ठेव. रॉम फसल्यावर स्वतःहून परत प्रयत्न करत असेल तर तेही चालू कर.

भोसरी_फर्मवेअर

स्किमॅटिक बघितलं. १६ पिनचंच पॅकेज आहे, रीसेट पिनला फक्त १० किलोओहमचा पुलअप आहे, कुठेही जोडलेला नाही. हे दहा बोर्ड तर बनून आलेत, पण वॉचडॉगचा रीसेट टेस्ट पॉइंट फ्लॅशपासून बोटभर अंतरावर आहे आणि व्होल्टेज एकच आहे. दुपारी एका बोर्डावर बारीक वायर सोल्डर करून परत रात्रभर २०० वेळा लावतो, उद्या आकडा सांगतो.