मदत हवी आहे: आईचा चेहरा अचानक गोल दिसतोय

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. आई ५८ वर्षांची. चतुर्थीला मावशी तिला बघून म्हणाली, "गालांनी बरी भरलीस गो!" मला मात्र ते बाळसं वाटत नाही. हातपाय पूर्वीसारखेच बारीक, चेहरा तेवढा गोल, मानेमागेही जरा फुगल्यासारखं.

सांधेदुखीवर ती तीन महिने कुणीतरी दिलेल्या पुड्या घेतेय. त्यात प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड तर नसेल? त्यानं चेहऱ्यावर चरबी साठते, साखर आणि रक्तदाबही वाढतो, म्हणून धास्ती वाटते. बरं, पुड्या एकदम बंदही करता येत नाहीत. स्टेरॉईड असेल तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरात बनणारं तसंच संप्रेरक, तोवर मंदावलेलं असतं. पावसात सुके बांगडे भरपूर झाले, पण मिठाची सूज महिनाभर अशी टिकेल असं वाटत नाही. कानाखाली दुखत नाही, तापही नाही, म्हणजे गालगुंड नसावं. थायरॉईडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी उद्या करतोय.

कुणाच्या घरी असं झालंय का? बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आधी मेडिसिन ओपीडीत दाखवावं का? रक्तातलं कॉर्टिसॉल तपासताना या पुड्यांमुळे निकाल चुकतो का? कृपया लवकर सांगा. आई हल्ली आरशासमोर उभीच राहत नाही.