'झोपवून टाका' म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं का?

सईची मावशी

आमच्या गेटवरच्या भटक्या कुत्रीला मागून रक्त येत होतं. शेपटीखाली फ्लॉवरसारखा मांसाचा गोळा बाहेर आला होता. जवळच्या दवाखान्यात सांगितलं, कॅन्सर आहे, वयही झालंय, झोपवून टाका, म्हणजे इंजेक्शनने मरण द्या. तिला रोज खायला घालणाऱ्या काकूंना हे काही पटेना. टेम्पो करून त्या तिला परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. तिथे गोळ्यावर काचपट्टी दाबली, मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि निदान निघालं टीव्हीटी. मिलनातून पसरणारी ही गाठ आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत सर्रास दिसते. आठवड्याला एक व्हिनक्रिस्टिन (केमोचं औषध), साधारण चार ते सहा इंजेक्शनं, आणि बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात. ही पण झाली. आता कुरियरवाल्यांचा जीव नकोसा करते.

पहिल्या दवाखान्यात गोळा हातात धरूनही बघितला नव्हता, काचपट्टी तर दूरच. म्हणून माझं स्पष्ट मत: झोपवणं, पाय काढणं, डोळा काढणं, असं जे परत फिरवता येत नाही ते दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय करूच नये. स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आपण तिघांना विचारतो. इथे मात्र "डॉक्टरांना काय वाटेल" म्हणून गप्प बसतो. काय वाटायचं ते वाटू दे!

बोक्याची आई

"करूच नये" हे फार घाऊक झालं हो. कुत्रीची गाठ आठवडाभर थांबू शकते, सगळंच थांबत नाही. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, म्हणजे मूत्रमार्ग तुंबलाय. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळा पडला तर तितकाही वेळ नसतो, तासांचा हिशोब. न वांझ केलेल्या म्हाताऱ्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला, तेव्हाही समोर जो सर्जन आहे त्याला "करा" म्हणायचं. गर्भाशय काढणं परत फिरवता येत नाही म्हणून दुसरीकडची अपॉइंटमेंट घेत बसलात, तर ज्याच्यासाठी मत हवंय तेच जनावर राहणार नाही.

तिरकस

दुसरं मत हवं असतं असं लोक म्हणतात. खरं तर त्यांना दुसरं उत्तर हवं असतं.

भावाचा लॅब्राडॉर तेरा वर्षांचा, किडन्या गेलेल्या, क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातला आकडा) महिनोन् महिने चढत चाललेलं. पहिल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं की आता त्याला त्रास न होऊ देणं एवढंच हातात आहे. वहिनींना ते ऐकायचं नव्हतं. मग हा डॉक्टर, तो डॉक्टर, कुणीतरी आयुर्वेदिक काढा सांगितला. प्रत्येक ठिकाणी नव्याने रक्त, नव्याने सलाइनची सुई, पुढच्या पायावरचे केस परत भादरलेले. ज्या कुत्र्याला गाडीची जन्मभर भीती, त्याचा शेवटचा आठवडा मागच्या सीटवर लाळ गाळत गेला. सगळ्यांनी पहिल्या बाईंचंच वाक्य कमी-जास्त गोड करून सांगितलं. यात कुत्र्याला काय मिळालं?

सईची मावशी

बोक्याच्या आईचं मान्य. जीव तासांवर आला असेल तर हातातलं आधी करायचं, माझं वाक्य तेवढं मागे घेते. तिरकसराव, तुमचं नाही. एकाच प्रश्नासाठी चार दारं वाजवणं आणि एकदा खातरजमा करणं यात फरक आहे. आणि किडनीचंच घ्या. पावसाळ्यात लेप्टोने, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या जंतूने, कुत्र्याच्या किडन्या अचानक बसतात, रिपोर्टवरचा आकडा तुमच्या लॅब्राडॉरसारखाच भयंकर दिसतो. पण वेळेवर सलाइन आणि अँटिबायोटिक मिळालं तर त्यातली कितीतरी वाचतात. एकदाच्या आकड्यावर 'किडन्या गेल्या' म्हणणारे डॉक्टर मी पाहिलेत. जुनं दुखणं की नवं, हे विचारायला दुसरं कुणीतरी नको?

तिरकस

ते पहिल्यालाच विचारता येतं. विचारत नाही कुणी. फी टेबलावर ठेवून तोंड वाकडं करून निघतात आणि व्हॉट्सॲपवर "कुणी चांगला डॉक्टर सांगा" टाकतात.

निवृत्त पशुवैद्य

बाहेर बसून वाचत होतो, आता राहवेना. अडतीस वर्षं जनावरं तपासली, म्हणून दोन्ही बाजूंना दोन गोष्टी सांगतो.

पेशंट दुसरीकडे गेला म्हणून ज्याला राग येतो, त्याच्याकडून तसंही निघावं. मला राग यायचा तो लपवण्याचा. मालक सांगतात, "कुठेच दाखवलं नाही, थेट तुमच्याकडे आलो." आणि कुत्र्याच्या मानेवर कालच्या इंजेक्शनची गाठ हाताला लागते. काल तिकडे स्टेरॉइड दिलेलं असतं, आज मी दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम देतो. ही दोन औषधं एकत्र पोटात अल्सर करतात, रक्ताच्या उलट्या होतात, आतडं फुटून जनावर गेलेलंही पाहिलंय. लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा संशय असेल तर आणखी वाईट. आधीच स्टेरॉइड सुरू झालं की गाठी तात्पुरत्या बसतात, मग तुकडा तपासला तरी निदान चकवतं आणि पुढे केमोलाही दाद कमी मिळते. तेव्हा दुसरीकडे जाणार असाल तर जुनं औषध कधी, किती दिलं ते सगळं सांगा. लाजायचं काय त्यात.

कागद मागून घ्या. एक्स-रे ट्यूबलाइटला धरून मोबाइलवर काढलेला फोटो नको, मूळ फाइल घ्या. आणि एकाच बाजूचा एक्स-रे असेल तर तो अर्धाच समजा. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने पाहिलं की पार सरकलेलं निघतं.

तिरकसरावांचं दुखणं खरं आहे, मीही ते पाहिलंय. पण ते मालकांना शोक कसा करावा हे कुणी न सांगितल्याचं दुखणं आहे. दुसऱ्या मताच्या माथी ते मारू नका.

माणदेशी

तुमचं सगळं मुंबई-पुण्याचं चाललंय. २०२४ ला महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं एवढं मोठं प्राण्यांचं हॉस्पिटल झालं, आनंद आहे. आमच्याकडं गावचा सरकारी दवाखाना, तिथं पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे पदवीचा डॉक्टर नव्हे, डॉक्टर तालुक्याला. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावला तर फिरत्या दवाखान्याची गाडी येती, नाही असं नाही, पण ती आधी गाभण म्हशीकडं जाणार का तुमच्या मोत्याकडं? आणि जाऊ दे की म्हशीकडं, घर तिच्यावर चालतंय. इथं पहिलंच मत नशिबानं मिळतं, दुसरं कुठून आणायचं?

बोक्याची आई

माणदेशी दादा, म्हणूनच एक्स-रेची फाइल नि रक्ताचे रिपोर्ट फोनवर पाठवून पशुवैद्यकीय कॉलेजच्या डॉक्टरांना विचारता आलं तर निदान तेवढं तरी होईल. जनावर हलवावंच लागतं असं नाही.

वाईकर

मी हा धागा शोधत शोधतच आलोय. आमच्या गावठी कुत्र्याला परवा पिकअपने उडवलं. मागचे दोन्ही पाय ओढत चालतो. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, कंबरेचं हाड मोडलंय म्हणाले, पाय परत येणार नाहीत, झोपवलेलं बरं. खातो-पितोय. काय करू? तिरकस साहेब, तुम्ही पण सांगा.

निवृत्त पशुवैद्य

मोडलंय ते कंबरेच्या कड्याचं हाड की मणका, हे आधी विचारा. सगळा फरक तिथे आहे. कड्याची बरीच फ्रॅक्चर लहान पिंजऱ्यात महिना-दीड महिना निवांत ठेवल्यावर जुळतात, काहींना प्लेट लागते. मणका असेल तर संवेदना पाहावी लागते. मागच्या पायाचं बोट चिमट्याने दाबतात. पाय आखडला म्हणजे संवेदना आहे असं नाही हं, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. त्याने वळून बघितलं, ओरडला, चावायला आला, तर वेदना मेंदूपर्यंत जातेय. घरी हे करू नका, चावेल. लघवी आपणहून होते का? शेपटी हलवतो का?

वाईकर

शेपटी हलवतो, मला बघून. लघवी करतो, पडल्या जागी. बोट दाबून कुणी पाहिलेलं नाही.

निवृत्त पशुवैद्य

मग शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, सर्जरीची माणसं आहेत तिथे. फीही खाजगीपेक्षा कमी पडेल. प्लायवूडच्या फळीवर आडवा झोपवा, छाती आणि कंबर रुंद पट्ट्याने फळीला बांधा, घट्ट नको. कडेवर उचलू नका. मणका असेल तर घाटातल्या एका वळणात होतं नव्हतं ते जाईल. आणि निघण्याआधी इथल्या डॉक्टरांकडून एक्स-रे आणि दिलेल्या इंजेक्शनांची नावं लिहून घ्या.

तिरकस

मला विचारलंत म्हणून सांगतो. शेपटी हलवत असेल तर जा. माझा विरोध तेरा वर्षांच्या किडनीला होता, याला नाही. फक्त एक करा. शिरवळला बोट दाबून बघितलं आणि त्यांनीही नाही म्हटलं, तर तिथेच थांबा. तिथून पुण्याला पळू नका.

सईची मावशी

आणि त्यांनी प्लेट टाकू म्हटलं पण तिथे सोय नसली तर? तेव्हाही पुण्याला पळायचं नाही?

तिरकस

तो इलाज झाला, मत नव्हे. उगाच शब्द फिरवू नका.

वाईकर

डॉक्टरांनी एक्स-रे दिला, कुरकुर न करता. उलट म्हणाले, मीच सांगणार होतो, पण तुम्हाला खर्च झेपेल का हे विचारायला अवघड वाटलं. पुतण्याची व्हॅन मिळालीय, उद्या पहाटे खंबाटकी उतरून जातो. पट्टा छातीवर कुठे बांधायचा, पुढच्या पायांच्या मागे ना?

निवृत्त पशुवैद्य

हो, पुढच्या पायांच्या लगेच मागे, पोटावर नको. सकाळी खायला घालू नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. पाणी चालेल.