मदत हवी आहे : लॉन चटईसारखं उचलून येतंय

रानजाई :
तळेगाव दाभाड्याला आई-बाबांच्या घरामागे साधारण अर्धा गुंठा लॉन आहे, सिलेक्शन वन जातीचं. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवंगार होतं. गणपतीनंतर मधेच ताटाएवढे पिवळे चट्टे पडायला लागले, आता ते एकमेकांना भिडलेत. पाणी कमी म्हणावं तर परवापर्यंत पाऊस होता. माळीकाकांनी युरिया टाकला, उपयोग शून्य. काल बाबांनी गवत जरा ओढलं तर चटईसारखं वर आलं, खाली मुळंच नाहीत! सकाळी साळुंक्या तिथेच चोची खुपसत असतात.
यंदा वेगळं एवढंच की जूनमध्ये टेम्पोभर शेणखत पसरलं. कुंपणाला मोठा कडुनिंब आहे, त्याचा काही संबंध?
शिवाय दोघंही सत्तरीपुढचे, माळी आठवड्यातून एकदाच. गुलाब, मोगरा, जास्वंदही आहेत. वर्षभराचं लांबलचक वेळापत्रक नको, चुकवून चालणार नाहीत तेवढीच कामं सांगा.

काळी माती :
हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी अळी. साळुंक्यांनी निदान केलंच आहे. हिरव्या आणि पिवळ्या गवताच्या सीमेवर वीतभर खणा. पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली अळी दिसेल.
कडुनिंबाचा संबंध आहेच. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे, म्हणजे पूर्ण वाढलेले किडे, संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. अळी पावसाळाभर मुळं खाते. शेणखत कच्चं असेल तर तिची आणखी सोय. तेव्हा वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मे-जूनमध्ये : अंधार पडला की फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे बादलीत टाकायचे. पूर्वी रॉकेलचं पाणी घ्यायचे, साबणाचं चालतं. हे चुकलं की पुढे नुसती धावपळ.

रानजाई :
खणलं. फूटभर जागेत मूठभर निघाल्या, शी! दुकानदार दाणेदार कीटकनाशक देतोय. टाकू का? नातवंडं तिथे खेळतात.

माजघर :
मी टाकणार नाही. आता अळ्या मोठ्या झाल्यात, त्यांच्यावर औषधाचा परिणामही कमी. चट्टे खणून हाताने वेचा, पक्ष्यांना खाऊ द्या. मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी ओल्या मातीवर टाका. सोबत बुरशीनाशक नको, नाहीतर तीच मरेल. जूनअखेर पुन्हा द्या, लहान अळीवर ती जास्त चालते.
रिकाम्या जागी कडेच्या चांगल्या गवताच्या मुळासकट काड्या आत्ताच लावा. थंडीत हे गवत वाढत नाही. कापताना उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उडवू नका, आणि उन्हाळ्यात जरा उंचच राहू द्या. माळ्यांना गुळगुळीत भादरायची भारी हौस.

काळी माती :
फुलझाडांचं थोडक्यात : गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरात. मोगऱ्याचं पाणी थंडीत कमी करा, जानेवारीअखेर छाटा, मग खत-पाणी सुरू. जास्वंदावर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) दिसला की आधी ती फांदीच कापा.

रानजाई :
आभार. शेणखत कुजलंय की कच्चं, हे घेताना कसं ओळखायचं?

माजघर :
हातात घ्या. वास मातीचा हवा, ऊब नको, काडीकचरा ओळखू येता कामा नये. आणि चाळून घ्या, अळ्या चाळणीत दिसतात.